दुसरं टेबल

लुगे, ४ फेब्रुवारी २०१७

वुकोता,

हे पत्र रादानच्या बसमधून येतंय, पोस्टातून नाही. पोस्टमास्तरच्या मेहुण्याला कंपनीत रखवालदाराची नोकरी लागली आहे, आणि माझी पाकिटं हल्ली आधी उघडून मग परत चिकटवल्यासारखी येतात. फोनही करणार नाही. गावात आता रेंज येते, पण तो मनोरा कंपनीनं बांधून दिलाय. फुकट मिळालेल्या मनोऱ्यावर मी घरचं काही बोलत नाही.

तर येलोव्हा नदी नळात घालणार ही बातमी खरी निघाली. पुलाच्या वरच्या अंगाला बांध घालणार आणि तिथून चार किलोमीटर पाणी नळातून खाली वीजघरात नेणार. या चार किलोमीटरांत आपलं अख्खं गाव येतं, आणि माझी माशांची पाच तळी येतात. माझा नवरा मिर्को गेल्यापासून मी त्या तळ्यांवर जगते, हे तुला सांगायला नको. वरून पाणी यायचं थांबलं की ट्राउट दुपारपर्यंत उलटे होऊन तरंगायला लागतात.

ग्रामसभेत मी त्यांच्या माणसाला काय काय बोलले ते तुझ्या कानावर आलंच असेल. मला वाटलं आता पोलीस येणार. पोलिसांऐवजी आला रेल्या नावाचा एक तरुण, स्वच्छ नखांचा, कंपनीचा 'संवाद प्रमुख'. म्हणाला, "स्ताना मावशी, तुमच्यासारख्यांचा आवाजच तर आम्हाला हवाय." कंपनी म्हणे एक सल्लागार मंडळ काढते आहे. त्यात गावातून तिघं: मी, निवृत्त यागोश मास्तर आणि लाकूड कापायच्या गिरणीचा मालक माशान. आम्ही जे बोलू ते लिहून घेणार, आणि आमच्या संमतीशिवाय एक फावडंही मारणार नाहीत. कर्ज देणाऱ्या परदेशी बँकेची तशी अट आहे.

मला यात काहीतरी काळंबेरं दिसतं. भांडखोर बाईला खुर्ची दिली की ती उभी राहून ओरडायची थांबते, एवढं त्यांना कळत असणार. पण मी नाही बसले तर तिथे माशानची मेहुणी बसेल, आणि ती बाई कुणाच्याही होला हो करते.

तू तीस वर्षं वीजमंडळात इंजिनियर होतास. या लोकांच्या बोलण्यातली मेख तुला कळते. घेऊ का खुर्ची? खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस.

स्ताना


पोदगोरित्सा, १३ फेब्रुवारी

ताई,

रादाननं तुझं पाकीट स्टँडवर असं लपवून माझ्या हातात दिलं की दोन माणसं थांबून बघायला लागली. पुढच्या वेळी त्याला सांग, सरळ हात पुढे करून दे.

खुर्ची घे. आमच्या काळी धरण बांधायचं झालं की गावाला एकच पत्र जायचं, सामान बांधा म्हणून. आज निदान विचारतात. विचारणाऱ्याला उत्तर द्यावं, असं माझं मत आहे. आत बसलेल्या माणसाला बाहेरच्यापेक्षा जास्त करता येतं, हे मी नोकरीत शिकलो.

एकच गोष्ट लक्षात ठेव. नदीच्या पात्रात पाणी किती सोडणार, हे विचार. ते वर्षाची सरासरी सांगतील, आणि सरासरी ऐकायला छान असते. तू ऑगस्टचा, नदी सगळ्यात जास्त आटते त्या महिन्याचा, आकडा माग. ऑगस्टमध्ये तुझ्या तळ्यांना लागतं तेवढं पाणी सुटणार असेल, तर या प्रकल्पात वाईट काही नाही.

माझं बरं चाललंय. हल्ली थोडा कामात असतो, जुन्या इंजिनियर मंडळींच्या बैठका वगैरे. पाच वर्षं कुणी काही विचारलं नव्हतं. आता विचारतात, तर सकाळी दाढी करायला कारण मिळतं.

आणि सगळ्यांवर संशय घेऊ नकोस. लहानपणी तू अंडी मोजून ठेवायचीस, आणि एखादं कमी भरलं की आधी माझ्यावर आणि मग कोंबडीवर संशय घ्यायचीस.

तुझा वुकोता


लुगे, १९ मार्च

वुकोता,

अंडी तूच खायचास, कच्ची, गोठ्यामागे. मला तेव्हाही माहीत होतं.

पहिली बैठक शाळेत झाली. ज्या गावात घरोघरी धुरी दिलेलं मांस टांगलेलं असतं, त्या गावात त्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली सँडविचेस आणली होती. एका मुलीनं आम्हाला रंगीत कागद वाटले आणि म्हणाली, तुमची भीती यावर लिहा. यागोश मास्तरांनी दोन्ही बाजू भरल्या आणि वर शुद्धलेखनही तपासलं. मी एकच शब्द लिहिला, ऑगस्ट. तिनं तो कागद फळ्यावर 'भावनिक मुद्दे' या मथळ्याखाली चिकटवला.

मी तिथेच उठले आणि म्हटलं, ऑगस्ट ही भावना नाही, महिना आहे, आकडा सांगा. रेल्यानं कागद चाळले आणि म्हणाला, तो आकडा अजून तज्ज्ञांकडे आहे. कोण तज्ज्ञ, ते सांगेना. माशानला तर पाण्याचं काही पडलेलंच नव्हतं, विजेच्या खांबांना लाकूड लागणार का, एवढंच तो विचारत होता.

हे सगळं मी गिळलं असतं. पण मधल्या सुट्टीत सूनबाई मिलुंका साव्होला घेऊन आली, आणि रेल्या त्याच्या खांद्यापर्यंत आलेल्या केसांकडे बघत म्हणाला, "याचे पहिले केस अजून कापले नाहीत वाटतं. कूम कोण ठरलाय?"

शहरातला माणूस आणि असं विचारतो. तू तिकडे राहून विसरला असशील म्हणून लिहिते, पहिले केस कापतो तो घराचा कूम होतो, सख्ख्या भावाच्या वरचा. कुमाला तोंडावर नाही म्हणायचं नाही, त्याच्याविरुद्ध बोलायचं नाही, कोर्टात तर जायचंच नाही. माझ्या नातवाच्या केसांशी या माणसाचा काय संबंध? कुणीतरी त्याच्या कानात हे भरवलंय.

कोण ते मला कळलंय. बैठकीच्या आदल्या दिवशी माशान रेल्याच्या गाडीच्या खिडकीत वाकून बोलत होता, मी स्वतः पाहिलं. काल दुकानात सहा माणसांसमोर मी त्याला चहाडखोर म्हटलं. त्यानं हातातला पाव परत ठेवला आणि निघून गेला. खोटं असतं तर भांडला नसता का?

स्ताना


पोदगोरित्सा, २८ मार्च

ताई,

माशानला उगाच बोललीस असं मला वाटतं. तो हुशार नाही, पण आतल्या गाठीचाही नाही. त्याची समजूत काढ.

आणि रेल्यानं केसांबद्दल विचारलं, त्याचा एवढा बाऊ करू नकोस. त्याची आई डोंगरातलीच असेल. शहरात निम्म्या लोकांच्या आया डोंगरातल्या आहेत. तरुण माणूस आहे, नोकरी करतोय, लोकांशी जमवून घ्यायला बघतोय. त्याच्या जागी मी असतो तर मीही मुलांच्या केसांबद्दलच बोललो असतो, तुझ्याशी दुसरं बोलणार काय?

ऑगस्टच्या आकड्याची काळजी सोड. दुसऱ्या टेबलावर तो जवळजवळ ठरत आलाय, आणि तुला वाटतं तेवढा वाईट नाही. थोडा धीर धर, वाटाघाटीत घाई केली की समोरचा आखडतो.

तुझ्या रादोयेचं जर्मनीतलं काम कसं चाललंय? मिलुंकाला आणि साव्होला आशीर्वाद.

तुझा वुकोता


लुगे, ६ एप्रिल

वुकोता,

दुसरं टेबल कोणतं?

मी तुला लिहिलेलं सगळं मला पाठ आहे. त्यात दुसऱ्या टेबलाचं नाव नाही, कारण असं टेबल आहे हेच मला माहीत नव्हतं. तुझं पत्र वाचून मी यागोश मास्तरांकडे गेले. त्यांनी मंडळाच्या कागदांतलं शेवटचं पान काढलं, बारीक अक्षरातलं. पहिलं टेबल गावाचं, दुसरं टेबल उद्योगाचं आणि जाणकारांचं. दोघांनी एकमेकांना भेटायचं नाही. दोघं काय म्हणाले ते कंपनीच एकत्र करून लिहिणार. जाणकारांची नावं तिथे छापलेली नाहीत. तुला ती माहीत आहेत का?

याचं उत्तर देईपर्यंत पुढचं वाच. रविवारी रेल्या घरी आला. राकियाची बाटली घेऊन, कोट घालून. मी तळ्यावर होते. परत येते तो स्वयंपाकघरात शेजारच्या चार बायका बसलेल्या, मिलुंका कॉफी करतेय, आणि हा उभा. सगळ्यांसमोर म्हणाला, "स्ताना मावशी, देवाची आणि संत योवानची शपथ घालून मागतो, साव्होचे केस मला कापू द्या."

ही शपथ घातल्यावर आपल्याकडे नाही म्हणता येत नाही. आपल्या आजोबांनी बंदूक रोखली होती, तरी समोरच्यानं ही शपथ घातली तेव्हा त्यांनी ती खाली ठेवली होती. मिलुंकाचे डोळे तर आनंदानं भरून आले. नवरा तीन वर्षं परदेशात, घरात कोटातला माणूस कूम म्हणून येतोय, तिला काय कळणार? मी हो म्हटलं. केस संत जॉर्जच्या दिवशी, सहा मेला. आणि गावाच्या टेबलाचं मत घेणार वीस मेला. चौदा दिवस आधी मी त्याची कूम होणार, आणि मग त्याच्या तोंडावर मला नाही म्हणता येणार नाही.

माझी जीभ त्यानं कात्रीनं कापली, वुकोता. हे शहरातल्या डोक्यात आपसूक येत नाही. आता सांग, त्या टेबलावर कोण बसतं?

स्ताना


पोदगोरित्सा, १२ एप्रिल

ताई,

मी बसतो.

जानेवारीत बोलावणं आलं. इंजिनियर म्हणून, अनुभवी म्हणून. टेबलावर माझ्या नावाची पाटी होती आणि नावाच्या खाली 'वरिष्ठ सल्लागार'. तू मंडळावर आलीस तेव्हाच मी सांगायला हवं होतं. पण मला वाटलं, तू आतून, मी आतून, दोन्ही बाजूंनी आपण नदी वाचवू आणि मग एक दिवस तुला सांगून हसवीन. खरं म्हणजे हेही पूर्ण खरं नाही. तू मला ते सोडायला सांगशील ही भीती होती, आणि मला ते सोडायचं नव्हतं. एवढं ऐकून घे.

आता त्याहून वाईट. फेब्रुवारीच्या शेवटी जेवताना आमच्या टेबलाच्या अध्यक्षांनी विचारलं, डोंगरातल्या लोकांशी जुळवून कसं घ्यायचं? सगळे आपापलं सांगत होते, रस्ता द्या, शाळेला छप्पर द्या. मी दोन ग्लास वाईन प्यायलो होतो. मी म्हणालो, "काही देऊ नका, त्यांचे कूम व्हा. मग ते तुम्हाला कोर्टातही खेचणार नाहीत." सगळे हसले. मीही हसलो. रेल्या हसला नाही, त्यानं वहीत लिहून घेतलं.

नंतर इतिवृत्त आलं. त्यात छापलं होतं, 'उद्योग प्रतिनिधींची सूचना: समाजातील प्रमुख आवाजांशी पारंपरिक नातेसंबंध दृढ करावेत.' माझा विनोद असा दिसतो हे मला माहीत नव्हतं. मी त्याखाली सही केली. रेल्या तुझ्याच दारात जाईल असं देवाशप्पथ वाटलं नव्हतं. तुझं मार्चचं पत्र आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि तरीही मी तुला त्याच्या आईचं काहीतरी लिहिलं.

माशानची माफी माग. त्यानं काही केलेलं नाही.

वुकोता


लुगे, २२ मे

वुकोता,

तुला दोन उत्तरं लिहिली आणि दोन्ही चुलीत घातली. हे तिसरं जरा थंड डोक्यानं लिहिते आहे.

माशानकडे गेले होते. त्यानं दार उघडलं नाही. त्याच्या बायकोनं खिडकीतून सांगितलं, त्या दिवशी तो गाडीत वाकून रेल्याला बर्फातून वर यायचा रस्ता दाखवत होता. मी त्याला सहा माणसांसमोर चहाडखोर म्हटलं होतं, आणि चहाडी माझ्या सख्ख्या भावाची होती. याची मला इतकी लाज वाटली की घरी येईपर्यंत मी मान वर केली नाही.

केसांचं झालं. रेल्या आला तो एकटा नाही. बरोबर कंपनीचा फोटोवाला, आणि त्याची आई क्रस्तिन्या, काळ्या रुमालातली, पलीकडच्या खोऱ्यातली. थापा मारताना तू चुकून एक खरं बोलला होतास. मुलानं तिला काय सांगून आणलं होतं कुणास ठाऊक, पण तिच्यासाठी हे ऑफिसचं काम नव्हतं. तिनं साव्होला स्वतः विणलेले मोजे आणले होते. उंबऱ्यावर मला धरून रडली, म्हणाली, "आता आपण एका घरच्या."

साव्हो तिवईवर बसला. रेल्यानं चारी बाजूंनी एकेक बट कापली आणि मिलुंकाच्या हातातल्या रुमालात ठेवली. फोटोवाल्यानं फोटो काढला. मग मी पुढे झाले. रात्ररात्र विचार केला होता, वुकोता. कूम झाल्यावर मी त्याला दुखवायचं नाही, हे तुम्ही सगळ्यांनी बरोबर लक्षात ठेवलंत. त्यानंही माझ्या घराला दुखवायचं नाही, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

मी म्हटलं, "कुमा, आता मी तुला देवाची आणि संत योवानची शपथ घालते. या मुलाच्या घरचं पाणी तोडू नकोस."

तो फोटोवाल्याकडे बघायला लागला. मग माझ्याकडे. अंगणात सगळं गाव उभं होतं. क्रस्तिन्यानं त्याच्या कोपराला हात लावला आणि हळूच म्हणाली, "बघतोस काय असा? हो म्हण." तो हो म्हणाला. पुटपुटल्यासारखा, पण सगळ्यांना ऐकू गेला.

मला वाटलं, शहरात गेला की विसरेल. परवा वीस तारखेला मत घेतलं. त्यानंच शब्द दिल्यामुळे माझी जीभ मोकळी झाली होती. मी नाही म्हटलं, मास्तर नाही म्हणाले. माशाननं माझ्याकडे बघत हो म्हटलं, आणि ते माझ्याच कर्मानं. दोन विरुद्ध एक. रेल्यानं आमच्यासमोर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'गावाची संमती नाही', आणि सही केली. यागोश मास्तरांनी ते दोनदा वाचलं, कुठे काही चुकीचं सापडलं नाही.

मी जिंकले असं वाटतंय. वाटतंय म्हणूनच भीतीही वाटते. आता तुझ्या त्या टेबलावर काय शिजतंय ते कळव, आणि या वेळी सगळं कळव.

स्ताना


पोदगोरित्सा, ५ जून

ताई,

सगळं कळवतो.

रेल्याला गेल्या आठवड्यात काढून टाकलं. तुमच्या वीस तारखेच्या बैठकीचं इतिवृत्त रद्द झालं. कारण असं दिलंय, की बैठक चालवणारा अधिकारी एका सदस्याचा नातलग होता, त्यामुळे ती बैठक निष्पक्ष नव्हती. पुरावा म्हणून केस कापतानाचा फोटो जोडलाय. तोच फोटो कंपनीच्या नव्या माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावरही आहे, खाली लिहिलंय, 'आम्ही एकाच कुटुंबातले.' दोन्ही कागद माझ्यासमोर एकाच दिवशी आले. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

बँकेला आता असं कळवणार आहेत की गावाच्या टेबलाचं मत होऊ शकलं नाही. अशा वेळी दुसऱ्या टेबलाची एकमुखी संमती चालते, असा नियमात एक मार्ग आहे. आम्ही सहाजण आहोत. पंधरा जूनला प्रत्येकाला विचारणार. एकानं जरी नाही म्हटलं तरी कर्ज अडेल, आणि कर्ज अडलं की बांध अडेल.

तो एक मी असेन. वडिलांच्या कबरीची शपथ. ऑगस्टचा आकडाही आता मला मिळालाय. तुझ्या पाच तळ्यांपैकी एकसुद्धा भरणार नाही.

वुकोता


लुगे, ९ जून

वुकोता,

वडिलांना मध्ये आणू नकोस, त्यांना शांत पडू दे.

मी तुला ओळखते. तू जन्मात कुणाला तोंडावर नाही म्हटलेलं नाहीस. वडिलांनी विचारलं, शिकून गावात परत येशील ना, तर तू बघतो म्हणालास. त्या नर्स मुलीला तू चार वर्षं विचार करतो म्हणत राहिलास, शेवटी तिनंच कंटाळून लग्न केलं. तू वाईट नाहीस. समोरच्याचा चेहरा पडलेला तुला बघवत नाही, आणि मग तुझ्या पाठीमागे ज्यांचं वाटोळं होतं, त्यांचे चेहरे तुला दिसत नाहीत.

म्हणून एकच सांगते. नाही म्हण. त्याच्या आधी काही नको, नंतर काही नको. कारण विचारलं तरी देऊ नकोस.

स्ताना


पोदगोरित्सा, १७ जून

ताई,

मी नाही म्हटलं नाही.

हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. आता बाकीचं लिहितो.

अध्यक्ष एकेकाला विचारत गेले. चौघं हो म्हणाले. मग माझी पाळी. अध्यक्ष म्हणाले, "वुकोता साहेब, तुमच्या अनुभवाचा आम्हाला मोठा आधार आहे." मी तोंड उघडलं. तुझा शब्द अगदी जिभेवर होता. आणि मी म्हणालो, "मला काही चिंता आहेत."

ते म्हणाले, अगदी योग्य, ऐकवा. मी सात मिनिटं बोललो. ऑगस्टबद्दल, माशांबद्दल, गाळाबद्दल, तुझं नाव न घेता तुझ्याबद्दल. मी चांगला बोललो, ताई. कुणी मध्ये थांबवलं नाही, सगळे मान हलवत होते, एकानं तर लिहूनही घेतलं. आपलं ऐकलं जातंय असं मला वाटलं, आणि ते मला आवडलं. पडद्यावर एक मुलगी टाइप करत होती. माझं संपल्यावर तिनं माझ्या नावासमोर लिहिलं, 'चिंतांसह सहमती'.

मी ते वाचलं. अध्यक्षांनी मला विचारलंसुद्धा, बरोबर ना? तेव्हाही वेळ होता. मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायलो. ग्लास खाली ठेवेपर्यंत ते सहाव्या माणसाकडे वळले होते.

संमती एकमुखी झाली. माझ्या चिंता परिशिष्टात जोडल्या आहेत. यंत्रं एकोणतीस तारखेला, गुरुवारी वर येतील. मी राजीनामा दिलाय, पण तो कुणाच्या उपयोगाचा नाही हे मला कळतं. तू मला काही लिहू नयेस हेच बरं.

वुकोता


लुगे, २४ जून

वुकोता,

काय लिहायचं ते मी ठरवीन.

तुझं पत्र वाचून मी तळ्यावर जाऊन बसले आणि खूप रडले. रागानं रडले, वाईट वाटून नाही. माझ्या भावाला सात मिनिटं बोलता येतं आणि एक शब्द बोलता येत नाही, याचा मला संताप आला. तो अजून गेलेला नाही आणि लवकर जाईल असंही दिसत नाही.

इकडचं ऐक. वर जायला पूल एकच आहे, आणि त्यावरून एका वेळी एकच गाडी जाते, तुला माहीत आहे. सोमवारपासून आम्ही बायका पुलावर बसलोय. अकराजणी आहोत, पाळ्या लावल्यात. माशानची बायको पहिल्याच दिवशी आली. माशान अजून माझ्याशी बोलत नाही, पण ऊन लागतं म्हणून त्यानं फळ्या आणून वर आडोसा ठोकून दिला आणि न बोलता गेला. क्रस्तिन्या मंगळवारी पिशवी घेऊन उतरली. कुमाच्या घरावर वेळ आल्यावर यायचं नाही तर कधी यायचं, म्हणाली. तेव्हापासून माझ्या स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी पिठाचे गोळे तळते आहे आणि मला माझ्याच चुलीजवळ येऊ देत नाही. रेल्याही येतो म्हणालाय. येईल तेव्हा खरं.

काल कंपनीची नवी संवाद प्रमुख आली. या वेळी एक बाई आहे. पुलाच्या टोकाला उभी राहून तिनं विचारलं, "तुमचं नेमकं म्हणणं काय आहे? माझ्याकडे बोला, मी वर पोचवीन." तिच्या हातात रंगीत कागदही होते. एकीनंही उत्तर दिलं नाही. मास्तरांना फार बोलायचं होतं, पण आम्ही त्यांना पुलावर येऊ दिलेलं नाही. अर्धा तास थांबून ती गेली. इतकं गोंधळलेलं मी कंपनीच्या कुणालाच पाहिलं नव्हतं.

गुरुवारी यंत्रं येतील आणि पोलीसही येतील. काय होईल ते मला माहीत नाही. एखाद्या वेळी उचलूनही नेतील. मी बासष्ट वर्षांची आहे आणि वजनानं चांगली जड आहे, तेव्हा दोघं तरी लागतील.

तू ये. माफ केलं म्हणून बोलावत नाही, माफ केलेलं नाही. पण आमच्यात एक माणूस कमी पडतो आहे आणि मला भाऊ एकच आहे. रादानची बस सकाळी सातला सुटते, त्याला सांगून ठेवलंय. पुलावर तुला कुणी काही विचारणार नाही, तुझं मत कुणी लिहून घेणार नाही. यंत्र अगदी समोर आलं तरी तोंडातून शब्द काढायचा नाही. नुसतं बसायचं, आणि उठायचं नाही. तेवढं तरी तुला जमेल.

स्ताना